शर्यतीवर लावलेल्या शंभर रुपयांचा हिशोब सरकार कसा ठेवतं?

प्रश्न असा आहे: मुंबईत महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर कुणी शंभर रुपये लावले तर त्यातले सरकारकडे किती जातात, या पैशावर नजर कोण ठेवतं, आणि ब्रिटनमध्ये पैजांवरच्या लेव्हीचा, म्हणजे ठरावीक कामासाठीच घेतलेल्या वसुलीचा, पैसा पुन्हा घोड्यांसाठी खर्च होतो तसं आपल्याकडे का होत नाही?

मी सनदी लेखापाल आहे. पंचवीसेक वर्षं अप्रत्यक्ष करांचं काम करतोय आणि त्यातली बरीच वर्षं रेसकोर्सवरच्या टोटच्या (पैजांचे पैसे गोळा करून वाटणाऱ्या यंत्रणेच्या) हिशोबतपासणीत गेली. प्रश्न तीन वाटले तरी त्यांचं मूळ एकच आहे, म्हणून उत्तर सलगच देतो.

आधी पैसा कुठून कुठे जातो ते बघू. रेसकोर्सवर पैज लावायच्या दोन कायदेशीर जागा असतात. एक टोट, म्हणजे टोटलायझेटर. एका शर्यतीत ‘विन’वर, म्हणजे कोणता घोडा जिंकेल यावर, लागलेले सगळे पैसे एका पूलमध्ये जमतात. शर्यती भरवणारा क्लब त्यातून ठरलेलं कमिशन कापतो आणि उरलेली रक्कम जिंकलेल्या तिकिटांवर वाटून टाकतो. प्लेस, तानला, जॅकपॉट अशा इतर प्रकारच्या पैजांचे पूल वेगळे, रीत तीच. क्लबला कोणता घोडा जिंकतो याच्याशी देणंघेणं नसतं, त्याचं कमिशन ठरलेलं असतं. दुसरी जागा म्हणजे बेटिंग रिंगमधला परवानाधारक बुकी. तो स्वतः भाव देतो, नफा त्याचा आणि खोटही त्याचीच. क्लबला तो गाळ्याचे पैसे देतो.

हा फरक लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. टोटमध्ये सरकारपासून लपवण्यासारखं जवळजवळ काही नसतं. विकलेल्या तिकिटांची बेरीज आणि पूलची रक्कम जुळलीच पाहिजे, कारण त्याच आकड्यावरून डिव्हिडंड, म्हणजे जिंकलेल्या तिकिटामागे द्यायची रक्कम, निघतो आणि तो सगळ्यांसमोर फलकावर लागतो. एक खिडकी जरी हिशोबाबाहेर राहिली तरी डिव्हिडंड चुकतो, आणि रेसकोर्सवर असे लोक असतात जे तो आकडा मनातल्या मनात पडताळून बघतात. तपासनीसाला खरी मेहनत पडते ती कडेच्या गोष्टींवर: शर्यत सुटल्याच्या क्षणी यंत्र बंद झालं का, डिव्हिडंड खालच्या आकड्यावर आणल्यावर उरलेले फुटकळ पैसे कुठे दाखवले, मुदतीत न वटवलेल्या तिकिटांची रक्कम कुठल्या खात्यात गेली, आणि परतावे.

परताव्यांबद्दल एक अनुभव सांगतो. एका ठिकाणी, नाव सांगत नाही, स्टार्टिंग गेटजवळ बिथरलेल्या घोड्याची माघार जाहीर झाली. त्याच्यावर लावलेले पैसे खिडकीवर परत दिले गेले, पण तिकिटावर वेगळा घेतलेला कर परत दिलाच गेला नाही. संगणकात परताव्याची नोंद फक्त मूळ रकमेची होत होती. माणशी आकडा किरकोळ असल्यामुळे कुणी तक्रार केली नव्हती. आम्ही हंगामभराच्या सगळ्या माघारी काढल्या तेव्हा रक्कम लहान राहिली नाही. पुढे ती दुरुस्ती झाली. सांगायचं कारण एवढंच की तो दोष कागदपत्रांत सापडला. बुकीच्या बाबतीत असा दोष सापडणं फार कठीण असतं, कारण त्याने शीटवर, म्हणजे आपल्या पैजांच्या नोंदीत, न चढवलेली पैज कुठल्याच बेरजेत नसते.

आता कराकडे येतो. मुंबई इलाख्यात रेसकोर्सला परवाना देणारा कायदा १९१२ चा आणि पैजांवर कर लावणारा १९२५ चा. म्हणजे साधारण शंभर वर्षं परवाना आणि कर दोन्ही एकाच सरकारच्या हातात होते. राज्यघटनेतही तेच चालू राहिलं. राज्यसूचीत नोंद ३४ खाली पैजा आणि जुगारावरचं नियंत्रण, आणि नोंद ६२ खाली त्यांच्यावरचा कर. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने नोंद ६२ आकसली: पैजा आणि जुगार तिच्यातून गेले आणि फक्त स्थानिक संस्थांनी लावायचा करमणूक कर उरला. १ जुलै २०१७ पासून रेसकोर्सवरचा कर जीएसटीत गेला. परवाना मात्र राज्याकडेच राहिला. ज्याच्या हातात दार उघडायचं की बंद ठेवायचं हा निर्णय आहे, त्याला एकट्याने कराचा दर ठरवता येत नाही, आणि दर ठरवणाऱ्या जीएसटी परिषदेत बसलेल्या बहुतेक राज्यांत रेसकोर्सच नाही. माझ्या मते आजच्या अडचणींची सुरुवात इथे आहे.

दर पहिल्यापासून २८ टक्के होता. भांडण होतं ते २८ टक्के कशावर, यावर. जानेवारी २०१८ मध्ये जीएसटीच्या नियमावलीत ३१-अ हा नियम आला आणि त्याने सांगितलं की कर पैजेच्या पूर्ण रकमेवर, म्हणजे टोटमध्ये जमा झालेल्या प्रत्येक रुपयावर. क्लबांचं म्हणणं होतं की पूलचा पैसा आमचा नाही, तो पंटरांचाच, म्हणजे पैज लावणाऱ्यांचाच आहे, आम्ही काही मिनिटं सांभाळतो आणि परत वाटतो, आमची कमाई कमिशनपुरती. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी जून २०२१ मध्ये हे म्हणणं मान्य करून तो भाग रद्द केला. सरकार अपिलात गेलं. मग २०२३ मध्ये जीएसटी परिषदेच्या जुलै-ऑगस्टमधल्या बैठकांनंतर कायद्यातच दुरुस्ती झाली आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून पूर्ण रकमेवरचा कर पक्का झाला. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये के. आर. लक्ष्मणन यांच्या खटल्यात सांगितलं होतं. त्यामुळे शर्यतीवरची पैज जुगारबंदीच्या कचाट्यातून सुटली होती. नव्या दुरुस्तीत घोड्यांची शर्यत नावानिशी घातल्यामुळे करापुरता त्या निकालाचा उपयोग संपला. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर ४० टक्के आहे.

आता शंभर रुपयांचा हिशोब. सोपं जावं म्हणून क्लबचं कमिशन दहा टक्के धरू आणि पूलमधले ९० रुपये पंटरांना परत जातात असं धरू. पूर्ण रकमेवर ४० टक्के कर म्हणजे शंभराच्या पैजेला खिशातून १४० जातात. कर फक्त कमिशनवर असता तर दहा रुपयांवर चार, म्हणजे १०४. पैजेमागे कराचा फरक दहापट आहे. पण खरं नुकसान एका पैजेत दिसत नाही, दिवसभरात दिसतं. रेस खेळणारा माणूस पहिल्या शर्यतीत आलेले पैसे दुसरीत लावतो, दुसरीतले तिसरीत. समजा एक हजार रुपये घेऊन आलेला सरासरी नशिबाचा माणूस सहा शर्यती खेळला आणि दर वेळी हातात असलेलं सगळं लावत गेला. आजच्या पद्धतीत सहाव्या शर्यतीनंतर त्याच्याकडे साधारण ७१ रुपये उरतात. सरकारकडे ७४३ गेलेले असतात आणि क्लबकडे १८६. कर फक्त कमिशनवर असता तर त्याच्याकडे ४२० उरले असते, सरकारकडे १६६ आणि क्लबकडे ४१४ गेले असते. आकडे स्वतः करून बघा, साधा गुणाकार आहे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण क्लबांची बाजू मांडणारे ती टाळतात. कागदावर सरकारला आजच्या पद्धतीतच जास्त मिळतं, ७४३ विरुद्ध १६६. कमिशनवरच्या करात तेवढा महसूल यायचा तर उलाढाल चौपटीहून जास्त व्हावी लागेल. तेव्हा ‘कर कमी करा, महसूल आपोआप वाढेल’ असं मी कधीच म्हणत नाही. माझा मुद्दा असा की हे ७४३ रुपये तेव्हाच येतात जेव्हा तो माणूस सहाच्या सहा शर्यती खिडकीवरच खेळतो. त्याला फोनवर भाव देणारा बेकायदा बुकी असतो. तो कर घेत नाही, वर उधारीही देतो आणि आठवड्याचा हिशोब एकदाच करतो. पंटर तिकडे गेला की सरकारला ना कर मिळतो ना त्या पैजेची नोंद. आयकर खात्यालाही काही दिसत नाही. कुठल्या शर्यतीत अचानक कुठल्या घोड्यावर पैसा ओतला गेला, हे स्टुअर्ड्सना, म्हणजे शर्यतीवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना, आधी टोटच्या आकड्यांवरून कळायचं. तेही अंधुक होतं. घोड्याला मुद्दाम मागे ठेवलं गेलं का याची चौकशी करताना पैजांचा नकाशा हा मोठा पुरावा असतो.

एक फरक मला फार खटकतो. २०२३ च्या त्याच दुरुस्तीत कॅसिनोंसाठी वेगळा नियम झाला. पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या जहाजावर तुम्ही चिप्स विकत घेता तेव्हा त्या रकमेवर एकदा कर लागतो. मग टेबलावर जिंकलेल्या चिप्स तुम्ही पुन्हा लावल्या तर त्यावर पुन्हा कर नाही, नियमात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. रेसकोर्सवर मात्र जिंकलेले पैसे पुढच्या शर्यतीत लावले की पुन्हा पूर्ण कर, त्यानंतरच्या शर्यतीत आणखी एकदा. ज्या खेळाला सर्वोच्च न्यायालय कौशल्याचा म्हणतं, ज्याच्यामागे घोड्यांची पैदास करणारे स्टड फार्म, घोडेडॉक्टर, जॉकी, ट्रेनर आणि तबेल्यात पहाटे चारला उठणारे मोतद्दार आहेत, त्याला कॅसिनोतल्या चाकाच्या खेळापेक्षा कडक नियम लागतो. याचं समर्थन मला आजवर कुणाकडून मिळालेलं नाही.

सरकारी बाजूचं खरं कारण वेगळं आहे आणि ते पोकळ नाही. पूर्ण रकमेवरचा कर तपासायला सोपा असतो. नफ्यावर कर लावला की नफा लपवता येतो. जानेवारी २०२४ मध्ये बंगळुरूच्या रेसकोर्सवर करचुकवेगिरीच्या तक्रारींवरून पोलिसांनी बुकींच्या गाळ्यांवर छापा घातला, रोकड जप्त केली, आणि त्याच वर्षी उन्हाळी शर्यतींचा परवाना कर्नाटक सरकारने नाकारला. करअधिकाऱ्याच्या डोळ्यासमोर हेच चित्र असतं. बुकीचा नफा त्याच्या शीटवर अवलंबून आहे आणि शीट त्याच्याच हातात आहे, ही शंका रास्त आहे. पण ती टोटला लागू होत नाही. टोटचं कमिशन लपवता येत नाही, ते वर सांगितलंच. मग एकाच्या संशयाची शिक्षा दुसऱ्याला का? ज्याचा हिशोब आपोआप पडताळला जातो त्याच्यावर कमिशनवर कर, आणि ज्याचा जात नाही त्याच्यावर पूर्ण रकमेवर, निदान त्याची प्रत्येक पैज संगणकी तिकिटावर येईपर्यंत, असा फरक करायला काहीच हरकत नाही. मी ज्या ज्या ठिकाणी सल्ला देतो तिथे हेच मांडतो.

दर जास्त ठेवूनही हे जमतं, याचं उत्तम उदाहरण हाँगकाँग आहे. तिथे १९९६-९७ नंतर जवळपास दहा वर्षं शर्यतींची उलाढाल घसरत गेली आणि पैसा बेकायदा बुकींकडे वळला. २००६ मध्ये सरकारने उलाढालीवरचा कर काढून निव्वळ रकमेवर, म्हणजे लावलेले पैसे वजा परत दिलेले पैसे यावर कर आणला. दर ७२.५ ते ७५ टक्के! ऐकायला भयंकर वाटतो. पण ‘विन’च्या पूलमधून तिथे एकूण कापतात साडेसतरा टक्के, आणि पंटरला शंभरातले साडेब्याऐंशी परत मिळतात. आपला तोच हजार रुपयांवाला माणूस तिथे सहा शर्यती खेळला तर त्याच्याकडे ३१५ उरतील, सरकारला ४९६ आणि क्लबला १८८ मिळतील. आपल्याशी ताडून बघा. क्लबची रक्कम जवळजवळ तीच, सरकारची एक तृतीयांशाने कमी, आणि पंटरच्या हातात चौपटीहून जास्त. म्हणून तो खिडकी सोडत नाही. तिथली उलाढाल २००६ नंतर पुन्हा चढली आणि २०१३-१४ मध्ये १०० अब्ज हाँगकाँग डॉलरच्या वर गेली.

आता ब्रिटनची लेव्ही. लेव्ही आणि कर यांत गल्लत होते. कर सरकारी तिजोरीत जातो आणि कशावरही खर्च होतो. लेव्ही कायद्याने ठरवलेल्या कामासाठीच घेतली जाते. ब्रिटनमध्ये १ मे १९६१ पासून गल्लीतली बेटिंगची दुकानं कायदेशीर झाली, तेव्हा प्रश्न आला की आता लोक मैदानावर न येता दुकानातूनच पैज लावणार, तर शर्यती चालवणाऱ्यांचं काय? त्यावर उपाय म्हणून त्याच वर्षी हॉर्सरेस बेटिंग लेव्ही बोर्ड स्थापन झालं. बुकींकडून लेव्ही घ्यायची आणि ती तीन कामांना द्यायची: घोड्यांची पैदास सुधारणं, पशुवैद्यकीय संशोधन व शिक्षण, आणि शर्यतींची सुधारणा. बक्षिसाच्या रकमांना आणि उत्तेजक चाचण्यांच्या खर्चाला यातूनच पैसा मिळतो.

ती व्यवस्थाही सुखासुखी चाललेली नाही. पंटरकडून पैजेवर नऊ टक्के कापले जायचे, तेव्हा १९९९ च्या सुमारास मोठे बुकी फोनवरच्या पैजांचा धंदा ब्रिटनबाहेर, जिब्राल्टरला नेऊ लागले. शेवटी ऑक्टोबर २००१ मध्ये सरकारने पंटरवरची कपात बंद करून बुकीच्या ढोबळ नफ्यावर १५ टक्के कर आणला. पण लेव्ही देशाबाहेरून धंदा करणाऱ्यांना लागू नव्हती, म्हणून ती आटत गेली आणि २०१६-१७ मध्ये पाच कोटी पौंडांच्या आसपास आली. एप्रिल २०१७ पासून ब्रिटिश शर्यतींवर ब्रिटिश ग्राहकांच्या पैजा घेणाऱ्या प्रत्येकाला, तो कुठेही बसलेला असो, पाच लाख पौंडांवरच्या ढोबळ नफ्यावर १० टक्के लेव्ही लागू झाली. पहिल्याच वर्षी वसुली साडेनऊ कोटी पौंडांच्या घरात गेली, आणि २०२३-२४ मध्ये दहा कोटींच्या वर. तिथेही कराचा पाया नफा आहे, उलाढाल नव्हे. आणि कराबाबत घोड्यांना इतर जुगारासारखं वागवू नका म्हणून १० सप्टेंबर २०२५ ला ब्रिटिश रेसिंगने एका दिवसाच्या शर्यती बंद ठेवल्या. नोव्हेंबरच्या अर्थसंकल्पात ऑनलाइन पैजांवरचा कर वाढला, पण घोड्यांच्या शर्यती त्या वाढीतून वगळल्या गेल्या.

आपल्याकडे असं बोर्ड नाही. जीएसटी निम्मा केंद्राकडे, निम्मा राज्याकडे जातो, आणि त्यातला एकही रुपया शर्यतींसाठी कायद्याने राखलेला नाही. उत्तेजक चाचणी, बक्षिसं, ट्रॅकची निगा हे सगळं क्लबने आपल्या कमिशनातून करायचं. वरच्या हिशोबात क्लबचे ४१४ रुपये १८६ वर येतात ते इथे बोचतं. बक्षिसं कमी झाली की मालक घोडे कमी ठेवतात, आणि सगळ्यात आधी काम जातं मोतद्दाराचं.

देखरेख करणारे हात तसे बरेच आहेत. राज्याचं गृहखातं परवाना देतं आणि त्याला अटी जोडू शकतं. जीएसटी खातं विवरणपत्रं बघतं. महालक्ष्मीच्या बाबतीत सरकार आणि महापालिका जमिनीचे मालकही आहेत. तिथला भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला होता, आणि २०२४ मध्ये १२० एकर उद्यानासाठी घेऊन ९१ एकर क्लबकडे ठेवायचं ठरलं. हे सगळे एकमेकांचे कागद क्वचित बघतात. परवाना देणाऱ्याला पूलचे आकडे रोज मिळत नाहीत आणि करअधिकाऱ्याला स्टुअर्ड्सचे चौकशी अहवाल मिळत नाहीत.

आयकराचं थोडक्यात सांगतो, कारण सामान्य पंटरला तोच बसतो. शर्यतीतल्या जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के आणि वर उपकर लागतो. तुमचा नेहमीचा दर कमी असला तरी हाच. एका वेळी दहा हजारांवर जिंकलात तर क्लब तिथेच ३० टक्के कापून पैसे देतो. एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा एकेका जिंकण्यापुरती मोजली जाते. हरलेली तिकिटं वजा होत नाहीत. महिनाभरात लाख रुपये हरून एक दिवस पन्नास हजार जिंकलात तरी कर पन्नास हजारांवरच. घोड्याच्या मालकाला मात्र घोडे सांभाळण्यातला तोटा चार वर्षं पुढे ओढून त्याच धंद्याच्या उत्पन्नातून वजा करता येतो.

मग महाराष्ट्राला स्वतःहून लेव्ही सुरू करता येईल का? परवान्याचा अधिकार राज्याकडे असल्याने परवाना शुल्काच्या रूपाने, कामाशी थेट जोडलेली लहानशी लेव्ही बसवणं मला शक्य वाटतं. पुण्याच्या आसपास स्टड फार्म आहेत, मुंबईत पशुवैद्यक महाविद्यालय आहे, पैसा कुठे लावायचा हा प्रश्न पडणार नाही. पण आज १४० रुपये मोजणाऱ्या माणसावर आणखी एक रुपयाही चढवला तर तो खिडकी सोडेल. म्हणून क्रम उलटा करून चालणार नाही. आधी जीएसटी परिषदेने नियम ३१-अ बदलून टोटचा कर निव्वळ रकमेवर आणावा, हवं तर हाँगकाँगसारख्या जबर दराने. ते जमेपर्यंत निदान कॅसिनोची सवलत द्यावी, म्हणजे जिंकलेले पैसे त्याच दिवशी पुन्हा लावले तर दुसऱ्यांदा कर नको. टोटच्या संगणकात पंटरच्या नावाचं खातं उघडून ते हिशोबाने करता येतं, त्यासाठी नवं तंत्र शोधावं लागत नाही. लेव्हीचा विचार त्यानंतर.